धानाच्या पोत्यातली गाणी

आमच्या घरात गाणी लावायचे नियम आहेत आणि ते मी केलेले आहेत. गाणं अर्ध्यात तोडायचं नाही, ऐकताना त्यावर बोलायचं नाही, आणि ऐकून झाल्यावर फाइल जिथं होती तिथंच राहिली पाहिजे. वहिनी म्हणते, ताईच्या हाती स्वयंपाकघर दिलं तर मिठाच्या डब्यात साखर सापडेल, पण कॉम्प्युटरमधलं एक गाणं इकडचं तिकडं झालं की तिला रात्री झोप लागत नाही. वहिनी खोटं बोलत नाही.

अहेरीच्या मेन रोडवर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि दुकानाच्या मागे घर. घरात आम्ही तिघं. मी, माझा थोरला भाऊ म्हणजे दादा, आणि वहिनी. मी लग्न केलं नाही. का केलं नाही असं विचारणाऱ्याची झेरॉक्स मी सगळ्यात शेवटी काढते. एक स्पीकर दुकानात, एक स्वयंपाकघरात, एक छपरीत आणि एक गोठ्यात, असे घरभर स्पीकर आहेत. गोठ्यातला वहिनीच्या हट्टापायी लावला. गाणं चालू असलं की म्हैस दूध जास्त देते असं तिचं म्हणणं. म्हशीला काही कळत असेल यावर माझा विश्वास नाही, पण दूध प्यायला मीही असतेच.

दादा धानाची शेती करतो. पण त्याची खरी ओळख ती नव्हे. आमच्या झाडीपट्टीत धान कापून, मळून घरात आलं की गावोगाव मांडव पडतात आणि थंडी सरेपर्यंत नाटकं चालतात. माणसं घोंगड्या पांघरून पहाटेपर्यंत बसतात. दादा त्या नाटकांतला गाणारा नट होता. तलवार उपसून मरायला निघालेला राजा असो की भांडकुदळ नवरा, दादा आधी गाणार, मगच पुढचं काय ते करणार. लोकांनाही तेच हवं असायचं. एखाद्या गावात तर राजा मेल्यावर पब्लिकने वन्स मोर मागितला आणि दादा उठून गाऊन पुन्हा मेला.

मी त्याच्याबरोबर जमेल तेव्हा जायची आणि साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर घेऊन त्याचं गाणं रेकॉर्ड करायची. साउंडवाले कुरकुर करायचे. मी ऐकायची नाही. घरी आल्यावर अंघोळीच्याही आधी गाणं कॉम्प्युटरवर चढवायचं, पुढचा-मागचा गोंगाट कापायचा, नाव द्यायचं आणि जागेवर ठेवायचं. मग रेकॉर्डरमधलं गाणं पुसून तोच पुढच्या नाटकाला न्यायचा.

आता जागा म्हणजे काय ते सांगायला हवं. दुकानातली गाणी मी लोक मागतात तशी लावली होती. तेव्हा अहेरीत नेट चिमूटभर यायचं. बाजाराच्या दिवशी गावागावांतून माणसं मोबाइलचं कार्ड घेऊन यायची आणि म्हणायची, बाई, गाणे भरून द्या. कोणती, विचारलं तर गाणाऱ्याचं नाव कोणाला ठाऊक नसायचं. पाऊस पडते ते. हिरो मरते ते. नवरीचा बाप रडते ते. सुरुवातीला मी चिडायची, मग शहाणी झाले आणि तशीच फोल्डरं केली. ‘पाऊस पडते’, ‘हिरो मरते’, ‘बाप रडते’. लग्नात नाचायला गोंडी रेलाची गाणी वेगळी, सिरोंच्याकडच्या पोरांसाठी तेलुगू वेगळी. माणूस तोंड उघडायच्या आत मी फोल्डर उघडलेलं असायचं.

दादाची गाणी मात्र गावावरून. कारण एकच गाणं तो प्रत्येक गावात निराळं गायचा. इथं पब्लिक तापलं म्हणून तान लांबवली, तिथं तबलजी झोपाळू म्हणून लय ओढली. मला ते सगळं हवं होतं. गावाचं फोल्डर, त्याच्या आत हिवाळा, त्याच्या आत गाणं. वहिनी म्हणायची, एकच गाणं इतक्यांदा कशाला ठेवतेस, एक ठेव. मी तिला म्हटलं, तू रोज भात करतेस, एकदाच करून ठेव.

आणि मी आणखी एक गोष्ट करत होते, जी आजही मला अगदी योग्य वाटते. ज्याच्या कार्डात गाणी भरायची, त्यात न विचारता दादाचं एक गाणं घालायचं. त्या गावात दादा गायला असेल तर त्याच गावातलं. शिवाय नावाच्या पुढे शून्यं लावायची, म्हणजे यादीत ते सगळ्यात वर येईल आणि कार्ड लावलं की आधी दादाच वाजेल. लोक परत यायचे तक्रार घेऊन. एक ट्रॅक्टरवाला तर दुकानासमोर ट्रॅक्टर उभा करून भांडायला आला होता.

“बाई, चाबी फिरवली का तुमचा भाऊच चालू होते. काऊन तुम्ही असं करून राह्यल्या?”

मी त्याला सांगितलं की भाऊ नको असेल तर ट्रॅक्टर ढकलत ने. तो हसला आणि पेनड्राइव्ह तसाच घेऊन गेला. दादाला हे कळलं तेव्हा तो लाजला होता, पण कार्ड भरायला आलेल्या माणसाला चहा मात्र तोच आणून द्यायचा.

मग त्याच्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं. गाठ साधी होती, जीवाला काही धोका नव्हता. पण आवाजाची नस दुखावली ती दुखावलीच. दादा घरी आला तो खरखरीत, बसका आवाज घेऊन. बोलणं कळतं, पण सूर म्हणून काही उमटत नाही. नाटक कंपनीवाले भेटायला आले, फळं देऊन गेले आणि त्या हिवाळ्यात त्याच्या जागी दुसरा राजा मरायला लागला.

त्याला बरं वाटावं म्हणून मी एका सकाळी छपरीतल्या स्पीकरवर त्याचंच गाणं लावलं. पहिला आलाप संपायच्या आत दादाने चपला घातल्या आणि तो शेतावर निघून गेला. धानाच्या बांधीत पाणी नव्हतं, काम नव्हतं, काही नव्हतं. नुसता जाऊन बांधावर बसला. वहिनी मला इतकंच म्हणाली, ताई, नको लावूस.

तेव्हापासून घरात सगळी गाणी वाजायची, दादाची सोडून. मी त्याला एका शब्दाने काही म्हटलं नाही. पण माझ्या मनात पक्कं होतं की एक दिवस तो स्वतः म्हणेल, लाव. माझ्या भावाचा आवाज मला घरात परत हवा होता आणि तो ऐकायला समोर भाऊ बसलेला हवा होता. त्या दिवसासाठी मी एकेक गाणं जपून ठेवलं होतं.

जपून ठेवलं होतं म्हणजे कसं, ते ऐका आता.

कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. मधेच बंद पडायचा. म्हणून दादाचं सगळं फोल्डर मी एका वेगळ्या हार्ड डिस्कवर काढून घेतलं. तळहाताएवढी काळी डबी. त्याच्या पुढच्याच आठवड्यात कॉम्प्युटरने कायमचे डोळे मिटले, तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. मग पावसाळा आला. आमच्याकडचा पावसाळा म्हणजे कपाटातल्या चपलेवर बुरशी आणि भिंतीला हात लावला तर हात ओला. ओल धरून डबी खराब होईल ही मला धास्ती. आता आमच्या भागात पाण्यात पडलेला मोबाइल असो की भिजलेलं घड्याळ, औषध एकच. तांदळात नाहीतर धानात दाबून ठेवा, धान ओल ओढून घेतं. मी डबी प्लास्टिकमध्ये बांधली, दादाच्या जुन्या माकडटोपीत गुंडाळली आणि घरच्या धानाच्या थप्पीतल्या सगळ्यात खालच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून ठेवून दिली. खालचं पोतं दिवाळीच्या तोंडावर निघतं. तोवर पाऊस संपलेला. इतकं सगळं डोकं मी चालवलं होतं. फक्त ते कोणाला सांगितलं नव्हतं.

भर पावसात त्या कोपऱ्यात छत गळायला लागलं. वहिनीने आणि दादाने पोती उचलून कोरड्या भिंतीला लावली. उचलताना जे वर होतं ते आधी गेलं म्हणून खाली बसलं आणि खालचं वर आलं. मी तेव्हा चंद्रपूरला मावसबहिणीकडे बाळंतविडा घेऊन गेले होते. घरातले तांदूळ संपले, दादाने वरचं पोतं मोटरसायकलला बांधलं आणि धान मिलवर नेलं.

पुढचं मिलवाल्याने अख्ख्या अहेरीला सांगितलं आहे. धान मशीनच्या तोंडात ओतलं, दोन क्षण बरं चाललं आणि मग असा खडखडाट झाला की मिलवाला बाहेर पळाला. पट्टा उतरवून मशीन खोललं तर आधी माकडटोपीच्या चिंध्या निघाल्या. त्याला वाटलं धानात माकड होतं. मग काळ्या डबीचा चपटा झालेला तुकडा निघाला.

मी चंद्रपूरहून आले तेव्हा दादा दारातच बसला होता. शेजारी कोंड्याची पिशवी आणि त्यावर ती डबी. त्याला वाटलं होतं दुकानाचं काहीतरी असेल.

“तुही पेटी मी कांडून आणली,” तो त्याच्या बसक्या आवाजात म्हणाला. “तांदूळ बरा निघाला.”

मी खाली बसले. त्यात काय होतं ते मी सांगितलं. दादाने डबी हातात घेतली आणि तो हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, वहिनी पाणी घेऊन धावली, तरी हा हसतोच आहे. म्हणाला, माहा आवाज मी माह्याच हातानं कांडला, सुटलो आता. ते सुटलो म्हणणं माझ्या काळजाला लागलं. त्या संध्याकाळी मी त्याच्याशी बोलले नाही. भात मात्र जेवले. रागात उपाशी राहायची माझी रीत नाही.

डबी मी चंद्रपूरला दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने खोलून आतली चकती दाखवली. वाकलेली होती आणि तिच्यावर धानाच्या फोलपटांचे ओरखडे होते. त्याने इतकंच विचारलं की ताई, हे कुठं ठेवलं होतं. मी डबी पिशवीत टाकली आणि अहेरीची बस धरली.

नंतरचे दिवस मी दुकानात कोणाशी सरळ बोलले असेन तर आठवत नाही. दसरा झाला, धान कापणीला आलं, नाटकांच्या जाहिरातीच्या गाड्या रस्त्याने फिरायला लागल्या. आणि एका दुपारी समोरच्या चहाच्या टपरीवर थांबलेला ट्रॅक्टर चालू झाला आणि दादा गायला लागला.

मी झेरॉक्स मशीनचं झाकण उघडं टाकून पळाले. ट्रॅक्टर गिअरमध्ये पडला होता, मी पुढे जाऊन आडवी उभी राहिले. वर तोच, भांडायला आलेला. त्याने ब्रेक दाबला आणि दोन्ही हात वर केले. बिचाऱ्याला वाटलं आता कसलं भांडण काढते ही बाई. मी त्याला खाली उतरवलं, त्याच्या टेपमधला पेनड्राइव्ह उपसला आणि तिथंच रस्त्यात उभी राहून रडले. चिखलाने माखलेला, पिवळा पडलेला पेनड्राइव्ह. भांडून गेल्यावर त्याने तो टेपमध्ये घातला तो पुन्हा कधी काढलाच नव्हता.

मग मात्र मला झोप लागेना, ती आनंदाने. गाव कोणतंही घ्या, तिथलं गाणं मी तिथल्याच माणसांच्या खिशात घालून ठेवलं होतं! मी दुकानाबाहेर पाटी लावली. ज्याच्या कार्डात माझ्या भावाचं गाणं असेल त्याने ते मला द्यावं, त्याचं कार्ड मी नव्या गाण्यांनी भरून देईन. बाजाराचा दिवस आला. माणसं आली, पाटी वाचली, हसली आणि निघून गेली. अहेरीत, आलापल्लीत आता सगळे मोबाइलवर नेट लावूनच गाणी ऐकतात. कार्ड कोणी ठेवतच नाही. ज्यांच्याकडे होतं त्यांनी दादाला कधीच काढून टाकलं होतं. एका ओळखीच्या मास्तरांनी तर तोंडावर सांगितलं, की ताई, तुमच्या भावाचं गाणं काढायला मला दुसऱ्या दुकानात जावं लागलं होतं. त्या दिवशी दोन गाणी मिळाली, त्यातलं एक अर्धं.

मला सुचलं नसतं ते बसच्या कंडक्टरला सुचलं. तो रोज आतल्या गावांची फेरी करतो. म्हणाला, बाई, तुम्ही रोडावरच्या लोकांले काऊन विचारता, जिथी टावर नाई तिथी विचारा. आणि खरोखर, नदीपलीकडच्या, जंगलातल्या गावांत अजून रेंज पोचत नाही. तिथं गाणं म्हणजे कार्डातलं गाणं. एकदा भरलं की भरलं, कार्ड फुटेपर्यंत तेच. नको म्हणून काढायलाही अहेरीला यावं लागणार, मग कोण काढतं. कंडक्टरने गावागावांत निरोप टाकला.

आणि दादा परत यायला लागला. बसच्या ड्रायव्हरच्या डब्यातून, गावोगाव औषधं वाटणाऱ्या आशाताईंच्या पर्समधून, कोंबड्या विकायला आलेल्या माणसाच्या कानात खोचलेल्या बिडीशेजारच्या पुडीतून. एका कार्डात दादाचं गाणं आणि बाकी सगळे बकऱ्यांचे फोटो. एका पेनड्राइव्हवर कोणीतरी त्याला नावच ‘मास्तरचा राग’ असं दिलेलं. का, ते मला आजवर कळलेलं नाही. मी नवा कॉम्प्युटर घेतला होता. रोज संध्याकाळी हेडफोन घालून बसायचं, गाणं कोणत्या गावचं ते ओळखायचं, नाव द्यायचं, फोल्डरात ठेवायचं. मधे कुत्रं भुंकलं की ओळखायची, हे अमुक गाव. पहिल्या ओळीला बाळ रडलं की हे तमुक. आता मी सगळं दोन ठिकाणी ठेवत होते. धानात काही ठेवत नव्हते. मला इतका आनंद झाला होता की मी लग्नाचं विचारणाऱ्यांच्या झेरॉक्ससुद्धा वेळेवर काढत होते.

फक्त दादा फिरकत नव्हता. गाणी येत आहेत हे त्याला दिसत होतं. कार्ड आणणाऱ्याला तो पूर्वीसारखा चहा आणून द्यायचा, पिकापाण्याची विचारपूस करायचा आणि मी माऊसला हात लावला की उठून मागे जायचा. एकदा मी म्हटलंही, दादा, हे बघ, संक्रांतीच्या नाटकातलं सापडलं. तो म्हणाला, ठेव. आणि दोरखंड वळायला बसला. मला राग आला नाही. वाईट वाटलं. इतक्या लोकांनी ज्याचा आवाज सांभाळून आणून दिला, त्याला तो नको होता.

थंडीच्या दिवसांत झाडू विकायला एक बाई आली, नदीपलीकडच्या गावची. घरात गोंडी बोलणारी, पण बाजारापुरती मराठी झकास. झाडूंची मोळी दाराशी टेकवून तिने साधा बटणांचा मोबाइल माझ्यासमोर ठेवला. तिच्या गावात दादा एकाच हिवाळ्यात गायला होता. रुसलेल्या बायकोची समजूत काढणाऱ्या नवऱ्याचं गाणं, आणि ते तिच्या कार्डात होतं. पूर्ण, स्वच्छ, सुरुवातीच्या पेटीपासून. मी ते उतरवून घेतलं आणि खाली बघितलं तर आणखी एक फाइल. तिला नाव नव्हतं, नुसते आकडे.

ते आमचं हाय, ती म्हणाली. मग तिने सगळं समजावून सांगितलं. धानाच्या रोवणीच्या वेळी गावातल्या बाया मोबाइल बांधावर ठेवून हे गाणं लावायच्या. पण गावात लाइटचा भरवसा नाही, दुपारपर्यंत बॅटरी उतरायची.

“बॅटरी मेली का आम्हीच म्हणतो. धान तर लावाच लागते ना.”

एकदा बॅटरी असताना तिने ते त्याच मोबाइलमध्ये भरून घेतलं होतं. मी ते लावलं. हेडफोनची वायर त्या दिवशी निघालेली होती आणि ते माझ्या लक्षात आलं नाही. छपरीतला, स्वयंपाकघरातला, गोठ्यातला, सगळे स्पीकर एकदम बोलायला लागले. चिखलातून पाय उपसल्याचा आवाज आला. मग बायांचे आवाज, दहाएक असतील. शब्द दादाचेच, थोडे गोंडीत वळलेले. पण चाल संथ झाली होती. वाकायचं, रोप खोचायचं, एक पाऊल मागे यायचं, इतक्या वेळात एक ओळ. आणि धृपदाच्या शेवटी, जिथं दादा अशी काही मुरकी घ्यायचा की मांडव शिट्ट्यांनी दणाणायचा, तिथं ह्या सगळ्या हसायच्या. दर वेळी. ती मुरकी त्यांना येत नव्हती, म्हणून त्यांनी त्या जागी हसणं ठेवून दिलं होतं.

मागच्या दारात दादा उभा होता. हातात अर्धा वळलेला दोर. मी बंद करायला हात पुढे केला तर त्याने मान हलवली. तो आत आला, स्टूल ओढलं आणि कान पुढे करून बसला. गाणं संपलं. त्याने बोटाने ‘पुन्हा’ अशी खूण केली. मी पुन्हा लावलं. दुसऱ्यांदा हसण्याच्या जागी तो त्यांच्या आधीच हसला.

“आता माहं लाव,” तो म्हणाला.

मला फाइल सापडेना. मी, जिला डोळे मिटून सगळं सापडतं. शेवटी लागलं. पेटी वाजली, तबला आला आणि माझ्या भावाचा जुना, तरुण, माजलेला आवाज घरभर झाला. वहिनी स्वयंपाकघरातून कणकेच्या हाताने आली आणि चौकटीला टेकून उभी राहिली. झाडूवाली बाई दादाकडे आणि स्पीकरकडे आळीपाळीने बघत होती. हाच तो, हे तिच्या ध्यानात आत्ता येत होतं. दादा ताठ बसून ऐकत होता. पब्लिकचा कडकडाट झाला, वन्स मोर झाला. त्याने ऐकलं, संपेपर्यंत ऐकलं.

मग तो त्या बाईकडे वळला आणि घसा साफ केला. इतक्या दिवसांत परक्या माणसासमोर तो मोकळेपणी बोलला नव्हता.

“तुम्ही बरोबर म्हणता, बाई. मी वन्स मोरसाठी घाई करून राह्यलो होतो. रुसलेली बायको अशी घाईनं समजते थोडी.”

वहिनी म्हणाली, हे यांना आत्ता समजलं. आणि आम्ही चौघंही हसत सुटलो. मी रडतही होते, ते लपवायला मी कॉम्प्युटरकडे तोंड केलं आणि कामाचा आव आणला. बायांच्या त्या गाण्याला नाव द्यायचं राहिलं होतं. मी म्हटलं, दादा, हे कुठं ठेवू? वेगळं फोल्डर करू का, रोवणीची गाणी म्हणून?

“वेगळं काऊन? माह्यातच ठेव.”

मी म्हटलं, पण हे तू गायलेलं नाहीस.

“ठेव त्यातच,” तो म्हणाला. “गाणं तेच हाय. गाणारे बदलले.”

वहिनीने त्या बाईकडून घरात गरज नसताना झाडू घेतले, तिला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही, आणि दादा तिला बसपर्यंत पोचवायला गेला तो बस सुटेपर्यंत तिच्याशी त्या चालीबद्दल बोलत होता असं कंडक्टरने मला नंतर सांगितलं. आता अधूनमधून आतल्या गावांतून बाया-माणसं येतात, दादाचं कुठलं तरी गाणं आपल्या चालीत म्हणून दाखवतात आणि तो स्टुलावर बसून, हाताने लय धरून, त्या खरखरीत आवाजात त्यांच्याशी वाद घालतो. मी रेकॉर्ड करते आणि गावाच्या फोल्डरात ठेवते.

काही गावांची गाणी परत आलेली नाहीत, काही कधी येणारही नाहीत. पण सकाळी दुकान उघडायच्या आधी दादा स्वतः कॉम्प्युटर लावतो, माझे नियम मोडून, मला न विचारता. त्याच्या फोल्डरमध्ये त्याने न गायलेली ती पहिली फाइल आहे, आणि तो रोज आधी तीच लावतो.